नऊ अक्षरांचे वाचन

मराठी वृत्तपत्रात एखाद्या नामवंताच्या निधनाची बातमी येते आणि तिच्यात कर्करोगाचा उल्लेख असतो, तेव्हा पुढचे वाक्य काय असणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. ‘कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते कोणी लिहीत असेल असे वाटत नाही. जुन्या छापखान्यातील जुळवून ठेवलेल्या मजकुरासारखे ते आपोआप पानावर येऊन बसते. त्याचा अर्थ मात्र क्षणभर थांबून पाहिला तर तो क्रूर आहे. जो माणूस गेला तो हरला, असे हे वाक्य म्हणते. हृदयविकाराच्या झटक्याने गेलेल्याला आपण पराभूत ठरवत नाही. क्षयाने, मधुमेहाने, मूत्रपिंडाच्या विकाराने गेलेल्यालाही नाही. एका कर्करुग्णालाच मरताना हरावे लागते.

हाच शब्दसंग्रह आता आरोग्यपुरवण्यांच्या पानांवर उपचारांच्या वर्णनातही शिरला आहे. रोगप्रतिकारक पेशींवर आधारलेले जे उपचार गेल्या दीड दशकात पुढे आले त्यांची ओळख करून देताना हमखास ‘सैनिक’ येतात. शरीरातील सैनिकांना प्रशिक्षण दिले जाते, शत्रूची ओळख पटवली जाते, मग ते शत्रूवर तुटून पडतात आणि त्याचा नायनाट करतात. वाचायला हे सोपे जाते. पण ही भाषा उपचाराचे जे चित्र उभे करते ते चुकीचे आहे, आणि ते चित्र मनात घेऊनच रुग्णाचे नातेवाईक संमतिपत्रावर सही करतात, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून हा विषय आम्ही वैद्यकाच्या अभ्यासकांसाठी सोडून देत नाही. शब्दशक्तींचा विचार ज्यांनी रीतसर केला आहे त्यांनी ह्यात बोलले पाहिजे.

ह्या विषयावर सुसान सॉन्टॅग ह्यांनी १९७८ मध्ये लिहिलेले ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हे छोटे पुस्तक आपल्याकडील इंग्रजी विभागांत बऱ्यापैकी वाचले जाते. त्या स्वतः कर्करोगावरचे उपचार घेत होत्या, पण पुस्तकात त्यांनी स्वतःविषयी जवळजवळ काही लिहिले नाही. कर्करोगाविषयीची भाषा युद्धातून उचललेली आहे, जंतूंचा शोध लागला त्या १८८० च्या दशकापासून वैद्यकात लष्करी रूपके रूढ झाली, आणि ह्या रूपकांचे ओझे शेवटी रुग्णाच्या माथी येते, हे त्यांचे निदान आजही खरे आहे. उपाय म्हणून मात्र त्यांनी सुचवले ते असे की, आजाराकडे रूपके वजा करून, शक्य तितके निर्मळपणे पाहावे. इथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. रूपक वजा केले तर प्रतिकारशास्त्राविषयी एक परिच्छेदही लिहिता येणार नाही. ‘पेशी’, ‘ग्राहक’, ‘संदेश’, ‘स्मृती’ हे सारे शब्द दुसरीकडून आलेले आहेत. ‘कर्क’ तर खेकडाच. ग्रीक वैद्यांनी गाठीला दिलेले नाव लॅटिन ‘कॅन्सर’मधून फिरत आपल्यापर्यंत आले. सुश्रुताचा ‘अर्बुद’ हा शब्द आपल्याकडे होता आणि शास्त्रीय परिभाषेत तो टिकूनही आहे, पण घरात आणि रुग्णालयात खेकड्याचेच राज्य आहे.

आपल्या काव्यशास्त्राने ह्या प्रश्नाला अधिक उपयोगी हत्यार दिले आहे, असे आम्हांला वाटते. (हत्यार! युद्धाची भाषा टाळायचा निश्चय करूनही ती अशी निसटते.) मम्मटाने लक्षणेला तीन अटी घातल्या: मुख्यार्थाला बाध यायला हवा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध हवा, आणि तिच्यामागे एक तर रूढी हवी किंवा प्रयोजन हवे. ‘झुंज अपयशी ठरली’ ह्यात प्रयोजन कधीच संपले आहे. उरली आहे ती रूढी. पेशींना सैनिक म्हणणाऱ्याला विचारावे, की ह्या लक्षणेने तुम्ही असे काय दाखवले जे अभिधेने दिसत नव्हते? तिने काही दाखवलेच नसेल, उलट काही झाकले असेल, तर ती टाकावी. रूपके वजा करण्यापेक्षा रूपकांची अशी तपासणी करणे आम्हांला श्रेयस्कर वाटते.

एक चांगले रूपक काय करू शकते ह्याचे उदाहरण ह्याच रोगाच्या इतिहासात आहे. १८८९ साली स्टीफन पॅजेट ह्या इंग्लिश शल्यविशारदाने ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी त्याने एकत्र केल्या होत्या. रक्तातून वाहत जाणाऱ्या पेशी कुठेही अडकतात आणि तिथे गाठ होते, असे मानले तर अवयवांची ही वाटणी योगायोगाची असायला हवी. प्रत्यक्षात यकृतात २४१ जणींना गाठी आढळल्या होत्या आणि प्लीहेत अवघ्या १७ जणींना. दोन्ही अवयव रक्ताने भरलेले. पॅजेटने ह्याची तुलना झाडाच्या बियांशी केली. झाड बी धरते तेव्हा ते सर्व दिशांना उधळले जाते, पण रुजते ते अनुकूल जमिनीतच. तोवर सारे अभ्यासक बियांचाच विचार करीत होते. जमिनीचाही अभ्यास व्हायला हवा, असे त्याने सुचवले.

शेतीच्या ह्या रूपकाने एक प्रश्न निर्माण केला: ही जमीन अनुकूल का, ती का नाही? पुढच्या शतकातील कितीतरी प्रयोग ह्या प्रश्नातून निघाले. युद्धाच्या रूपकातून असा प्रश्न निघत नाही. शत्रू आला, त्याला मारा, एवढेच ते सांगते. शिवाय शत्रू बाहेरून येतो, आणि कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते.

हा मुद्दा ज्या प्रथिनाच्या कथेतून सर्वांत स्पष्ट होतो त्याचे नाव ब्रॅकियुरी. हा ग्रीक शब्द, अर्थ ‘आखूड शेपूट’. १९२७ साली पॅरिसमध्ये नादेज्दा दोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया ह्या रशियन संशोधिकेने आखूड शेपटीच्या उंदरांचे एक वाण वर्णिले. ह्या उंदरांत एका जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. दोन्ही प्रती बिघडलेला गर्भ मात्र जन्मालाच येत नसे. तो दहाव्या दिवसाच्या सुमारास मरून जाई, कारण पाठीचा कणा जिच्याभोवती घडतो ती आधाररज्जूच त्यात तयार होत नसे. हे जनुक १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. शेपूट हा त्या जनुकाच्या कामाचा एक बारीकसा शेवट होता. खरे काम होते ते गर्भातील पेशींना जागा सोडायला लावण्याचे. सुरुवातीच्या गर्भात पेशी एकमेकींना घट्ट चिकटून पापुद्र्यासारख्या बसलेल्या असतात. मग त्यांतील काही पेशी शेजारणींचा हात सोडतात, आकार बदलतात, आत उतरतात, आणि शरीराचा मधला थर तयार होतो. हे स्थलांतर झाले नाही तर शरीरच होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याला, म्हणजे माणसाला आणि वानरकुळातील आपल्या जवळच्या भाऊबंदांना, शेपूट नाही. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या ह्याच जनुकात एक लहानसा तुकडा घुसला आणि शेपूट गेली, असे दाखवणारे संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. दोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया ह्यांनी उंदरांवरून दिलेले नाव माणसालाही किती चपखल बसते, हे कळायला ९७ वर्षे लागली.

तर, हे प्रथिन निरोगी प्रौढ शरीराच्या बहुतेक ऊतींत सापडत नाही. गर्भातले काम झाले की जनुक मिटून ठेवले जाते. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील क्लाउडिया पालेना, जेफ्री श्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनेक प्रकारच्या मानवी अर्बुदांत ते पुन्हा उघडलेले असते. २०१० मध्ये त्याच गटाने पुढची पायरी दाखवली: अर्बुदाच्या पेशींत हे प्रथिन आले की त्या शेजार सोडतात, सुट्या होतात, फिरू लागतात. म्हणजे कर्करोग पसरतो तेव्हा गर्भातील जुनाच धडा भलत्या वेळी, भलत्या जागी पुन्हा वाचला जातो. कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत, ह्या पसरण्यामुळे होतात. हे ध्यानात घेतले की ‘शत्रू’ हा शब्द किती तोकडा पडतो ते दिसते. ज्या क्रियेने आपल्याला शरीर मिळाले तीच क्रिया इथे जीव घेते आहे. ह्याला घुसखोरी कसे म्हणावे?

आता ‘प्रशिक्षणा’कडे वळू. हा शब्द सैनिकांच्या कवायतीतून आला असला तरी शिक्षकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण प्रत्यक्षात तिथे जे घडते त्यात शिकवणे फार थोडे आहे.

ब्रॅकियुरी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असते. बाहेरून ते दिसत नाही. मग टी-पेशीला ते कळते कसे? प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे सतत बारीक तुकडे करीत असते आणि त्यांतील काही तुकडे पृष्ठभागावरच्या विशिष्ट रेणूंच्या खोबणीत ठेवून बाहेर दाखवीत असते. हे तुकडे साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे, बहुधा नऊंचे. अमिनो आम्ले वीस. म्हणजे वीस अक्षरांची वर्णमाला आणि नऊ अक्षरांचा एकेक शब्द. टी-पेशी शरीरभर फिरत पेशीपेशीच्या दारावरचे असे शब्द चाचपत असते. एका टी-पेशीला तिच्या ग्राहकाशी जुळणारे थोडेच शब्द ‘वाचता’ येतात. बाकीच्यांपुढून ती निघून जाते.

प्रयोगशाळेत केले ते असे. माणसाच्या रक्तातून टी-पेशी घेतल्या. ब्रॅकियुरीतील नऊ अक्षरांचा एक तुकडा दुसऱ्या जातीच्या पेशींच्या खोबणीत बसवून त्यांच्यापुढे ठेवला. लाखो टी-पेशींतील ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा वाचता येत होता त्या उत्तेजित झाल्या, दुभंगल्या, वाढल्या. हीच क्रिया पुन्हा, मग पुन्हा. काही आठवड्यांनी पात्रात अशाच वाचणाऱ्या पेशींचे बाहुल्य झाले, आणि ब्रॅकियुरी असलेल्या अर्बुदपेशींना त्या मारू शकल्या. ह्या साऱ्यात एकाही पेशीला तिला आधी येत नसलेले अक्षर कोणी शिकवले नाही. ज्यांना येत होते त्यांना निवडून वाढवले. आपल्या काही नामांकित शिकवणीवर्गांची रीत ह्याहून फार वेगळी नाही, आणि तिलाही ‘शिकवणे’ म्हणतात.

शरीरात मुळात ह्या पेशी तयार होतात त्या ग्रंथीला मराठी परिभाषेत ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे सुंदर नाव आहे. वयात आल्यावर ती आकसत जाते. तिथे जी परीक्षा होते तिच्यात, शरीराचे स्वतःचे शब्द फार जोराने पकडणाऱ्या पेशी मारल्या जातात, आणि काहीच वाचता न येणाऱ्याही मरतात. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक पेशी ह्या परीक्षेतून बाहेर येत नाहीत. तरीही काही धोकादायक पेशी सुटतात, आणि त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी रक्तात असतात. ह्या आवरण्याच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकोव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांना २०२५ चे नोबेल मिळाले. २०१८ चे नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो ह्यांना मिळाले ते टी-पेशींवरचे लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठी. ज्या सैन्याची बहुतेक भरती कवायतीतच मारली जाते आणि ज्याच्या कारभाराचा निम्मा भाग स्वतःला आवरण्यात जातो, त्याला सैन्य म्हणून आपण नेमके काय समजावून देतो?

म्हणून आम्ही वाचनाचे रूपक पुढे ठेवतो. ते आम्ही नव्याने घडवलेले नाही. जीवशास्त्राने आपल्या दुकानातून शब्द केव्हाच नेले आहेत; दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ आहेतच. रूपकाची मर्यादाही आम्हांला दिसते: टी-पेशीला अर्थ कळत नाही, दोन रेणूंचे आकार जुळतात इतकेच. पण ह्या रूपकात एक गोष्ट सामावते जी सैनिकाच्या रूपकात सामावत नाही. वाचन चुकू शकते. आणि ते चुकते तेव्हा चुकणारा आळशी किंवा फितूर असावा लागत नाही. मजकूरच सारखा असतो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक हकीकत ह्या दृष्टीने प्रत्येक अनुवादकाने वाचावी अशी आहे. काही अर्बुदांत ‘मेज-ए३’ नावाचे प्रथिन असते. त्यातील नऊ अक्षरांचा एक शब्द असा: ई-व्ही-डी-पी-आय-जी-एच-एल-वाय. हा शब्द वाचणारा टी-पेशीचा ग्राहक शोधून, त्याची पकड अधिक घट्ट व्हावी म्हणून संशोधकांनी त्यात थोडे बदल केले आणि तो रुग्णांच्याच टी-पेशींत घातला. निरोगी मानवी पेशींवर आधी चाचण्या झाल्या, त्यांत काही वावगे आढळले नाही. मग दोन रुग्णांना ह्या पेशी दिल्या गेल्या. दोघेही काही दिवसांत हृदय बंद पडून दगावले. हृदयात मेज-ए३ नव्हते. शोध घेता आढळले ते टायटिन, स्नायूंमधील एक अजस्र प्रथिन, माणसाच्या शरीरातील सर्वांत मोठे. त्यात एक शब्द होता: ई-एस-डी-पी-आय-व्ही-ए-क्यू-वाय. नऊपैकी पाच अक्षरे तीच, त्याच जागी. चार निराळी. पेशींनी तो पहिलाच शब्द म्हणून वाचला.

आधीच्या चाचण्यांत हे का दिसले नाही, हेही सांगण्याजोगे आहे. पात्रात वाढवलेल्या साध्या हृदयपेशींत टायटिन पुरेसे नसते. मूलपेशींपासून तयार केलेल्या, खरोखर धडधडणाऱ्या हृदयपेशी घेतल्या तेव्हाच धोका उघड झाला. शब्द तपासले होते, पण तो शब्द ज्या संदर्भात बोलला जातो तो संदर्भ तपासपात्रात नव्हता.

सैनिकांच्या भाषेत ही घटना सांगून पाहा. ‘सैनिकांनी चुकून आपल्याच नागरिकांवर गोळीबार केला’ असे म्हणता येईल, पण त्यातून चुकीचे कारण कळणार नाही आणि ती पुन्हा कुठे होऊ शकेल हेही कळणार नाही. ‘मिळताजुळता शब्द होता’ असे म्हटले की दोन्ही कळतात. शिवाय हेही कळते की ग्राहकाची पकड वाढवल्याने चुकीचाही संभव वाढला. जोर वाढला की विवेक वाढतोच असे नाही. सैनिकांच्या भाषेत जोर म्हणजे नेहमीच गुण. वाचनाच्या भाषेत तो शंकास्पद ठरतो.

वाचन बरोबर झाले तरी पुरे पडत नाही, हा ह्या कथेचा आणखी एक भाग, आणि बातम्यांत तो सहसा येत नाही. ब्रॅकियुरी वाचणाऱ्या टी-पेशी शरीरातच वाढाव्यात म्हणून यीस्टपासून एक लस तयार करण्यात आली. कॉर्डोमा नावाचे एक दुर्मीळ अर्बुद आहे, गर्भातील आधाररज्जूच्या अवशेषांपासून होणारे. त्यात ब्रॅकियुरी हमखास असते. लस कुठे लागू पडायची असेल तर तिथेच. प्राथमिक चाचणीत लस सुरक्षित ठरली, टी-पेशींचा प्रतिसादही काही रुग्णांत दिसला. नंतर किरणोपचारासोबत लस आणि किरणोपचारासोबत नुसती औषधहीन सुई, अशी तुलना झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पेशींना वाचता येत होते, गाठीवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. अर्बुदाभोवतीची जमीन (इथे पॅजेट पुन्हा आठवतो) टी-पेशींना निष्प्रभ करते, अर्बुद शब्द दाखवणेच बंद करते, अशी कितीतरी कारणे असू शकतात. ‘पेशींना प्रशिक्षण दिले’ एवढ्या वाक्यावर जो वाचक आशा बांधतो त्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

महाराष्ट्राचा ह्या विषयाशी आता थेट संबंध आहे. मुंबईचे आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय ह्यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या, ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ह्या कंपनीने आणलेल्या ‘नेक्सकार-१९’ ह्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आपल्याच शहरात, परदेशातील तीन-चार कोटींच्या ठिकाणी चाळीस लाखांच्या आसपास किमतीत, हे काम उभे राहिले ह्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. ते उणे करण्याचा आमचा हेतू नाही.

पण ह्या उपचारातील पेशी काय वाचतात? रक्तातील बी-पेशींच्या पृष्ठभागावर उघडपणे असलेले ‘सीडी-१९’ हे प्रथिन. ते निरोगी बी-पेशींवरही असते, आणि उपचारात निरोगी बी-पेशीही जातात. हे चालते, कारण बी-पेशींवाचून माणूस, बाहेरून प्रतिपिंडे घेऊन, जगू शकतो. फुप्फुसावाचून जगू शकत नाही. २०१० मध्ये नोंदलेल्या एका अमेरिकन घटनेत, पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला ‘हर-२’ हे प्रथिन ओळखणाऱ्या पेशी दिल्या गेल्या. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवर हे प्रथिन अगदी अल्प प्रमाणात असते, तेवढे पुरले, आणि पाच दिवसांत रुग्ण गेला. म्हणूनच काही रक्ताच्या कर्करोगांत जे साधले ते स्तनाच्या, तोंडाच्या, आतड्याच्या गाठींत आणि त्यांच्या पसरण्यात अद्याप तितके साधलेले नाही. ‘कर्करोगावर स्वदेशी रामबाण’ अशा थाटाचा मथळा हा सारा भेद पुसून टाकतो. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण घरात असलेले कुटुंब तो मथळा वाचते आणि चाळीस लाख म्हणजे किती एकर, असा हिशेब करू लागते.

ह्या वृत्तांतांत आणखी एक शब्द येतो: ‘प्रतिसाद’. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ह्या उपचाराला सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. वैद्यकात ह्याचा अर्थ, ठरावीक मापांनुसार रोग कमी झाला किंवा त्या वेळी दिसेनासा झाला. ‘बरा झाला’ हा अर्थ नाही. आम्ही वाङ्मयवाले ‘वाचकाचा प्रतिसाद’ म्हणतो तेव्हा त्यात नापसंतीही धरतो, त्यामुळे ह्या शब्दाच्या लवचिकतेची आम्हांला सवय आहे. रुग्णाच्या मुलाला ती नसते.

भारतात औषधचाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन संमती घेणे नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे ही माहितीपत्रके मराठीत होतात, कोणीतरी ती भाषांतरित करते. हे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपले म्हणून मागून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. अनुवाद-अभ्यासाच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या चार ओळींचे भाषांतर असते. तिच्यासोबत अशा पत्रकातील चार ओळी द्यायला हरकत नसावी. विद्यार्थ्याला ते कवितेहून सोपे जाईल, ह्या भ्रमात कोणी राहू नये.

समजा, एक वाक्य असे आहे: ‘आपल्या रोगप्रतिकारक पेशींना प्रशिक्षण देऊन कर्करोगाशी लढण्यास सज्ज करण्यात येईल.’ ह्याच्या जागी आम्ही असे लिहून पाहिले: ‘तुमच्या रक्तातील काही पेशी बाहेर काढून, कर्करोगाच्या गाठीतील एक प्रथिन त्यांना ओळखता येईल असा बदल त्यांत केला जाईल, त्यांची संख्या वाढवली जाईल आणि त्या परत तुमच्या शरीरात सोडल्या जातील. शरीराच्या निरोगी भागातही त्या प्रथिनासारखे दुसरे प्रथिन असू शकते. तसे असेल तर ह्या पेशी त्या भागालाही कर्करोग समजतील, आणि त्याने जिवाला धोका होऊ शकतो. सर्व काही ठीक झाले तरी गाठ कमी होईलच असे सांगता येत नाही.’

‘समजतील’ हे क्रियापद आम्हांला अजून पटलेले नाही. पेशी काही समजत नाही. ‘धरतील’ लिहिले तर घरच्या बोलीच्या जवळ जाते, पण त्यातून पोलिसांनी धरल्याचा अर्थ निघतो आणि आपण पुन्हा कोतवालीत पोहोचतो. ‘वाचतील’ लिहावे तर त्याचा दुसरा अर्थ ‘जगतील’ असा आहे, आणि रुग्णालयात मराठी माणसाला तोच आधी ऐकू येईल.